उलटं विरजण

बाटलीतला नमुना अकरा वाजून दहा मिनिटांनी अजून घट्ट होता. मथुराने बाटली तिरपी धरली, मग आणखी तिरपी. आतला पांढुरका गोळा शिजलेल्या साबुदाण्यासारखा काचेला धरून राहिला, खाली सरकला नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वहीत वेळ लिहिली. अकरा एकोणीसला गोळ्याच्या कडेने पाणी सुटल्यासारखी एक बारीक रेघ दिसली. अकरा सत्तावीसला गोळा उरलाच नव्हता. बाटलीत जे होतं ते भाताच्या पेजेसारखं इकडून तिकडे वाहत होतं.

त्यात नवल काही नव्हतं. पुरुषाचं वीर्य बाहेर पडताच गोठतं आणि पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, आपलं आपणच सुटतं. त्यातच एक द्रव्य असतं, ते गोठलेले धागे तोडत जातं. इंग्रजीत त्याला एन्झाइम म्हणतात. मथुराकडे त्याला मराठी शब्द नव्हता. मनातल्या मनात ती त्याला उलटं विरजण म्हणायची. विरजण दुधाचं दही करतं, हे दह्याचं पुन्हा दूध करतं.

नवल होतं ते बाटलीच्या गळ्यात बांधलेल्या चिठ्ठीत. कंपाउंडर सावळारामने विचारून विचारून ती लिहिली होती. हैबती ढेबे, हिर्डोशीच्या वरचा धनगरवाडा, वय अदमासे चौतीस, नमुना पहाटे कोंबडा आरवायच्या आधी घरीच घेतला. त्या वाड्यावरून उतरून भोर गाठायचं तर तरण्या माणसालाही सहा तास लागतात. सहा तासांपूर्वीची वस्तू अकरा दहाला गोठलेली असणं शक्य नव्हतं. ती फार तर पंधरा मिनिटांपूर्वीची होती. म्हणजे ती डोंगरावरून आलेली नव्हती, भोरच्या पेठेतली होती.

मथुरा टिपणीस डॉक्टर आनंदरावांच्या दवाखान्यात दोन वर्षं काम करत होती. दवाखाना नीरेच्या घाटाकडे उतरणाऱ्या बोळात होता. पुढे डॉक्टरांची खोली, मधे औषधांची, आणि मागे परसाकडे खिडकी असलेली एक अरुंद खोली, तिला डॉक्टर मोठ्या हौसेने प्रयोगशाळा म्हणत. मथुरा पुण्याहून रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन, तिथल्या एका प्रयोगशाळेत चार वर्षं काढून आली होती. ती बोलायची कमी आणि लिहायची पुष्कळ.

तिने नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जीव भरपूर होते आणि चांगले पळत होते. ज्याचं हे होतं त्याला चार मुलं सहज झाली असती.

डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी कागद पुढे ओढलासुद्धा. हैबतीच्या बायकोला, साळूबाईला, लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नव्हतं. हैबतीच्या आईने, भागूबाईने, वेल्ह्याकडच्या एका वाड्यावरची मुलगी त्याला दुसरी म्हणून पाहून ठेवली होती. पण मुलीचा बाप कोंडिबा सावध निघाला. एकीला अकरा वर्षांत झालं नाही, उद्या माझीही तशीच राहिली तर, असं तो म्हणाला. दागदराचा कागद आणा, मग सुपारी फोडू. म्हणून हे तिघं आज बाजारच्या दिवशी खाली उतरले होते. माणूस ठीक आहे असा कागद मिळाला की फाल्गुनात लग्न, आणि साळूबाईने गोठ्याशेजारच्या खोपीत जायचं, हे सगळं ठरलेलं होतं. साळूबाई परसात दगडावर बसून ते ठरलेलं ऐकायची वाट पाहत होती.

मथुराने डॉक्टरांना वहीतल्या तीन वेळा दाखवल्या. हा नमुना पहाटेचा नाही, आणि म्हणून कदाचित त्या माणसाचाही नाही, असं तिने सांगितलं.

डॉक्टर वैतागले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला. माघाची थंडी आहे, गार पडल्यावर सुटायला उशीर लागत असेल, ते म्हणाले. मथुरा म्हणाली की बाटली आली तेव्हा कोमट होती, आणि थंडीने उशीर झाला तरी सहा तासांचा होत नाही. मग डॉक्टर म्हणाले की त्याने इथेच नदीकाठी कुठेतरी उरकलं असेल आणि लाजून घरचं सांगितलं असेल. यात तथ्य होतं. मथुराने ते मान्य केलं आणि म्हणाली, "मग इथेच दुसरा घेऊ. घड्याळ लावून."

तिने स्वतः हैबतीला हे सांगणं कुणालाच रुचलं नसतं. सावळारामने त्याला मधल्या खोलीत नेलं, कोरडी बाटली दिली आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ गेला. बाहेर सावळाराम मथुराला म्हणाला की गडी आत पेजच ओतणार, लावा पैज. मथुराने ते ध्यानात ठेवलं.

बाराला तीन कमी असताना बाटली तिच्या हातात आली. तळाशी जेमतेम पाव चमचा पाणी. ताकावरच्या निवळीसारखं, पांढरटही नाही. तिने बाटली तिरपी केली आणि ते पाणी लगेच वाहिलं. एक मिनिटाने, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनीही ते तसंच वाहत होतं. सुटायला मुळात ते गोठलंच नव्हतं. निळा लिटमस लाल झाला. पहिल्या नमुन्यात लाल निळा झाला होता. काचपट्टीवर एकही जीव नव्हता. तिने तीन थेंब तपासले, प्रत्येक थेंब कडेपासून कडेपर्यंत.

उरला सावळारामचा प्रश्न. ही पेज तर नव्हे?

पुण्याहून येताना मथुराने एका गडद बाटलीत एक क्षार आणला होता. दहा-बारा वर्षांपूर्वी जर्मनीत कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं की पुरुषाच्या वीर्यात आणखी एक एन्झाइम असतं, फॉस्फेटेज, आणि ते शरीरात दुसरीकडे कुठेच इतकं सापडत नाही. ते त्या क्षाराचे दोन तुकडे करतं. त्यातल्या एकावर दुसरं औषध घातलं की पाणी निळं होतं. पेज असेल, थुंकी असेल, ताक असेल, तर निळं होत नाही. मथुराने एक थेंब हजारपट पाण्यात घातला, नळी कोमट पाण्यात अर्धा तास उभी केली आणि औषध टाकलं. नळीत दाट निळा रंग चढला, पळसदरीच्या डोहासारखा.

म्हणजे फसवणूक नव्हती. ते हैबतीचंच होतं, पुरुषाचंच होतं, आणि त्यात मूल नव्हतं.

डॉक्टरांनी हैबतीला आत बोलावून दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. मथुरा कपाटाशी पाठ करून उभी राहिली. पहिली कुणाची, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि हैबतीने जराही न अडखळता सांगितलं की बाजीची. बाजी त्याचा धाकटा भाऊ. वाड्यावरचं तूप आणि खवा विकायला तो पेठेत बिऱ्हाड करून होता, तिथून दवाखाना हाकेच्या अंतरावर. बाजीला दोन मुलगे होते. डॉक्टर म्हणाले की आम्ही तुझं मागितलं होतं. हैबतीला हा प्रश्नच नीट कळला नाही. त्याच्या तोंडावर चोरी सापडल्याची कळा नव्हती. म्हशीचं दूध मागितलं आणि यांना कुठल्या थानाचं ते हवं होतं, असा त्याचा चेहरा झाला.

"बाजीचं काय आन् माजं काय, सायेब," तो म्हणाला. "येका आयच्या प्वाटचं आमी. वाड्यावर रेडा येकच आसतोय, म्हशी घरोघरच्या. बी मान्साचं नसतंय, घराचं आसतंय. ते त्याज्यात हाय तर माज्यात बी हायच की."

दारातून सावळाराम म्हणाला, "मग बायको बी घराचीच म्हन की, गड्या."

हैबती हसला नाही. त्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि मथुराला वाटलं की हे वाक्य त्याने आज पहिल्यांदा ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी त्याला दुसऱ्या बाटलीचं सांगितलं. सावकाश, दोनदा. हैबती खाली बसला. त्याने घोंगडीचं टोक बोटात धरलं आणि ते पिळत राहिला. मग विचारलं की ह्याला पाला-मुळी काही आहे का. डॉक्टर नाही म्हणाले.

तो बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी मथुराला बजावलं, नेहमी बजावत तसंच, आवाज न चढवता. पुरुषाचा निकाल पुरुषाला सांगायचा. बायकोला कळलं की वाड्यावर कळलं, वाड्यावर कळलं की असला माणूस एखाद्या दिवशी गुरांमागे गेलेला परत येत नाही. त्यांनी असं एकदा पाहिलं होतं. कागदावर ते दोष आढळला नाही असंच लिहिणार होते, दोघांच्याही नावापुढे, आणि लग्न मोडायचं की करायचं ते त्यांचं ते बघतील. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. मथुराच्या वहीत दोन वर्षांत अशा सतरा जोडप्यांच्या नोंदी होत्या, आणि त्यांतल्या सहांत उणं पुरुषाचं होतं. त्या सहाही बायकांना डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं होतं. मथुराने सहाही वेळा पुढच्या वेळी बोलू असं ठरवलं होतं.

ती बाटल्या धुवायला परसात गेली.

साळूबाई हौदाजवळच्या दगडावर बसली होती. तिशीची असेल. रानात फिरून रापलेली, हातांची बोटं मात्र म्हशी पिळणाऱ्यांची असतात तशी लांब आणि मऊ. ती उठली आणि न सांगता पाणी शेंदू लागली. मथुराने नको म्हटलं तरी तिने घागर काढलीच.

"ताई, येक इच्यारू?" ती म्हणाली. "म्या खिडकीतनं बघत हुते. ती पैली बाटली तुमी धरली, ती धरल्याली हुती. मंग सुटली. दुसरी धरलीच न्हाई."

मथुराने मान वर केली.

"दूद इरजून इरजून जल्म गेला माजा," साळूबाई म्हणाली. "काय लागलं, काय न्हाई लागलं, ते लांबनं कळतं. दुसरी ह्येंची का?"

मथुराने बाटली पालथी घालून ठेवली. शिक्षणाने तिला एक खोड लावली होती, मोजून बोलायची. तिच्या तोंडात आलं होतं की तुझ्यात दोष आहे असं म्हणायला आज तरी कसलाही आधार नाही. ते तिने गिळलं.

"होय," ती म्हणाली. "त्याची. त्यात जीवच नाहीत. मूल त्याच्यामुळे झालं नाही."

साळूबाईने घागर खाली ठेवली. मग तिने पदर बाजूला केला आणि बेंबीच्या दोन्ही अंगांना असलेले डाग दाखवले. तापवलेल्या विळ्याचे, तीन-तीन, ढब्बू पैशाएवढे, कातडी चकचकीत झालेली. लग्नाच्या चौथ्या वर्षीचे तीन आणि सातव्या वर्षीचे तीन, भगताने दिलेले.

"ह्येंनीच धरलं हुतं मला," ती म्हणाली. "हात."

मथुराच्या अंगावर असे डाग नव्हते. तिला सोळाव्या वर्षी दिली आणि बाविसाव्या वर्षी परत पाठवली तेव्हा घरात मोठ्याने कुणी बोललंसुद्धा नव्हतं. नवऱ्याने दुसरी केली. दुसरीलाही झालं नाही. तेव्हा तिसरी करावी का, याचा विचार सासरी झाला, त्याला तपासावं असं कुणाच्या मनात आलं नाही. वडिलांनी मथुराला कॉलेजात घातलं ते त्यानंतर. पुण्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा निळा रंग चढताना पाहिला तेव्हा तिला जो आनंद झाला होता तो निव्वळ शास्त्राचा नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आजही दुपारी नळी निळी झाली तेव्हा तिला तसाच आनंद झाला होता.

"मी तुला लिहून देते," ती साळूबाईला म्हणाली. "डॉक्टरांचा कागद असू दे. माझ्या सहीचा वेगळा."

"नगा लिवू." साळूबाई घाईने म्हणाली. "ताई, पाया पडते, नगा लिवू."

मथुराला वाटलं ती नवऱ्याच्या अब्रूसाठी म्हणते आहे. ते तसं नव्हतं. साळूबाईने हौदाच्या कडेला हात टेकून, आवाज खाली आणून सगळं सांगितलं. बाजीला दुसरा मुलगा झाला त्या वर्षी सासूने तिला खोपीत एकटीला गाठून विचारलं होतं, तुपाचं विचारावं तितकं सहज. पेठेत धाकल्याच्या बिऱ्हाडी चार महिने राहतेस का. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली आहे, त्याच्या भाकरीचे हाल होतात. साळूबाईने ऐकलं न ऐकलं केलं. सासूने पुन्हा काढलं नाही, कारण तेव्हा ते नक्की नव्हतं. उणं कुणाचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं असेल तर बाजीकडे पाठवूनही काय व्हायचं होतं.

"सवत आली आसती तर खोपीत टाकली आसती मला," साळूबाई म्हणाली. "म्हशींत. कोन हात लावायला आलं नसतं. आता तुमच्या बाटलीनं पक्कं केलं. बाईत खोट न्हाई. मंग बी तेवडं घालायचं ऱ्हायलं."

मथुराच्या हातातल्या ब्रशवरून साबणाचं पाणी टपटप पडत होतं. घड्याळ लावून, तीन थेंब तपासून, हजारपट पाण्यात घालून तिने जे पकडलं होतं ते खरं होतं. त्यात एका मिनिटाची चूक नव्हती. आणि त्या खऱ्याने या बाईपुढचं एक दार उघडलं होतं ते बाजीच्या बिऱ्हाडाचं.

तुला दुसरं कुणी आहे का, तिने विचारलं. साळूबाईने सांगितलं की भाऊ आहे, गेनू, वेल्ह्याच्या अंगाला वाडा आहे त्याचा. गेल्या दोन दिवाळ्यांना येऊन तो म्हणून गेला की तू नुसतं तोंडाने बोल, पंच बसवायचं मी बघतो. त्यांच्यात काडी मोडून बाई मोकळी होते, पुढे पाट लावायचा तर तोही लागतो, त्यात लपवायचं काही नसतं. पण आधी बाईने बोलावं लागतं. तिने दोन्ही वेळा त्याला जेवू घालून परत लावून दिलं होतं. माणूस दारू पीत नाही, मारत नाही. म्हशी तिच्या हाताशिवाय पान्हा सोडत नाहीत. पुढच्या दिवाळीला बोलू, असं तिने दोन्ही वेळा ठरवलं होतं.

मथुराला पुढच्या वेळचा तो हिशेब ओळखीचा होता. तिने काही सल्ला दिला नाही. आज आपल्या एका शब्दाने पुरेसं झालं आहे असं तिला वाटलं.

पुढच्या पायरीवर भागूबाई बसली होती. साठीची, ताठ, तंबाखूची चंची मांडीवर. हैबती तिच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून. त्याने आईला सांगितलं होतं, ते दोघांकडे पाहताच कळत होतं. डॉक्टरांचा कागद घडी घालून तिच्या चंचीखाली ठेवलेला होता. साळूबाई बोळाच्या कडेला उभी राहिली. मथुरा दारात थांबली. सावळाराम झाडू घेऊन उगाच पायरीखालची धूळ काढत होता.

म्हातारीने अकरा वर्षांत सुनेला काय काय म्हटलं असेल त्यातला एक शब्दही तिने मागे घेतला नाही. तिला ते सुचलंही नसावं. ती हलकी झालेली दिसत होती, ओझं उतरल्यासारखी. तंबाखू मळता मळता तिने मांडणी केली. कोंडिबाला निरोप धाडायचा की पोर नको. परक्याची पोर आणा, तिला म्हशी शिकवा, आणि तिलाही होणार नाही हे आता कळलंच आहे. झालं ते बरंच झालं. साळू आजपासून इथेच राहील, बाजीकडे, गुढीपाडव्यापर्यंत. बाजीची बायको वाड्यावर येईल, म्हशींना कुणीतरी हवंच. लेकरू हैबतीचं म्हणूनच वाढेल. कुणाला काही सांगायचं कारण नाही.

"घरातलं घरात ऱ्हाईल," ती म्हणाली. "तूच म्हनालास न्हवं दागदराला, बी घराचं आसतंय."

हैबतीने हे आईच्या तोंडून ऐकलं आणि मान खाली घातली. मघाशी आत्मविश्वासाने बोललेलं वाक्य त्याच्याकडे परत आलं होतं, आणि त्याला त्यात खोट काढता येत नव्हती. मथुरा त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने एक शब्द बोलावा म्हणून ती थांबली होती, आणि तिला कळत होतं की साळूबाईही त्याचसाठी थांबली आहे. कुठलाही शब्द चालला असता. बोळातून तुपाचे डबे लादलेलं एक तट्टू गेलं. भागूबाईने तंबाखू तोंडात टाकली.

"आय म्हनती तर..." हैबती म्हणाला, आणि पुढचं घोंगडीत पुटपुटला.

साळूबाईने पदर खोचला. ती सावळारामजवळ गेली आणि त्याच्या हातातल्या झाडूतून तिने एक हीर, बारीक लांब काडी, ओढून काढली. त्याने हातचा झाडू तसाच धरून ठेवला. ती हीर घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली, इतकी जवळ की त्याला वर पाहावंच लागलं. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, आवाज कोरडा होता.

"गेनूदादा दोन दिवाळ्या इच्यारतोय," ती म्हणाली. "म्या बोलत नव्हते. तुमच्याकडं बघून बोलत नव्हते. पंच मागनं बसतील. ही घ्या अवो, आन् हितंच, समद्यांम्होरं, काडी मोडा."